राजापूरचं घर किती दिवस विक्रीला ठेवायचं? एका कुटुंबाचे चार हंगाम

मुंबईत राहणाऱ्या कोकणी कुटुंबांच्या गावाकडच्या मिळकतींचे कागद मी बरीच वर्षं बघून देतो. त्यातलं हे एक प्रकरण संबंधितांना विचारून लिहितो आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

तीन भावंडं. थोरले दादा बोरिवलीला, ताई विलेपार्ल्याला आणि धाकटा मुलुंडला. दादा सत्तरीतले, बाकी दोघं साठीच्या आसपास. वडील १९९६ मध्ये वारले. आई अखेरपर्यंत गावीच राहिली आणि २०१९ मध्ये गेली. त्यानंतर राजापूर तालुक्यातल्या त्या घराला कुलूप लागलं.

घर जुन्या पद्धतीचं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि न्हाणी. आवारासकट सात गुंठे, सगळं गावठाणात, म्हणजे गावच्या वस्तीच्या जागेत, शेतजमिनीत नव्हे. घरापासून दहा मिनिटांवर आंबा-काजूची अडतीस गुंठ्यांची बाग. तिचा सातबारा सामाईक, त्यावर चुलत घराण्यांची धरून चौदा नावं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात अर्ध्या छपराची कौलं उडाली. ती नव्यानं घालताना धाकट्यानं पहिल्यांदा विषय काढला, की आपल्यापैकी कुणीच तिथे राहायला जाणार नाही, मग विकूया का?

दिवाळीत ठरलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये घर आणि बागेतला आपला हिस्सा मिळून ६२ लाख रुपये सांगायचे, असं बोलणं झालं. तालुक्यातले दोन एजंट, ठाण्यातला एक, आणि मोबाइलवरच्या जाहिराती. किंमत ठरली, फोटो निघाले. किती दिवस ठेवायचं, हे कुणी बोललंच नाही.

अडचण

वरवर पाहता अडचण एवढीच होती, की घर विकलं जात नव्हतं. मी मे २०२४ मध्ये या प्रकरणात आलो, तेव्हा जाहिरात लागून अडीच वर्षं झाली होती. पहिला प्रश्न मी विचारला तो हाच, की या अडीच वर्षांत किती फोन आले आणि किती जण घर बघून गेले? ताईंनी सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. त्या वहीमुळेच हे प्रकरण उलगडलं.

कोकणातलं घर बारा महिने विक्रीला नसतं. जून ते सप्टेंबर वाटा शेवाळलेल्या, वीज बेभरवशाची, भिंतींना ओल. गणपतीत चाकरमानी येतात, पण ते आपापल्या मखरात आणि आरत्यांत असतात, कुणी घरं बघत फिरत नाही. खरं गिऱ्हाईक येतं दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. नाताळची सुट्टी, सव्वीस जानेवारीला जोडून आलेले दिवस, मग आंब्याचा मे. म्हणून अडीच वर्षं हा हिशेब मी बाजूला ठेवला आणि हंगाम मोजले. तीन हंगाम झाले होते.

पहिल्या हंगामात सव्वीस फोन, सात जण घर पाहून गेले, एक बोली आली. दुसऱ्या हंगामात अकरा फोन, तीन जण. तिसऱ्यात सहा फोन आणि एकच माणूस, तोही वाटेत दुसरी जागा बघायला आला होता म्हणून डोकावला.

पहिल्या हंगामातली ती बोली एप्रिल २०२२ ची. कोल्हापूरकडच्या एका शेतकरी कुटुंबाला पर्यटकांसाठी राहण्याची सोय करायची होती. त्यांनी घर-बाग मिळून ४८ लाख सांगितले आणि तीन महिन्यांत व्यवहार पुरा करू म्हणाले. दादांनी नकार दिला. त्यामागे कारण होतं. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि २०१९ मध्ये रद्द झाली, ते सगळं तालुक्यानं पाहिलं होतं. २०२२ मध्ये त्याच रिफायनरीसाठी बारसूचं नाव पुढे आलं आणि पुन्हा जमिनीच्या भावाच्या गप्पा चहाच्या टपऱ्यांवर सुरू झाल्या. दादांचं म्हणणं असं, की एवढं वाट पाहिली, प्रकल्प आला तर दुप्पट मिळेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी किंमत उलट ६८ लाखांवर नेली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूला माती परीक्षण सुरू झालं, मोठं आंदोलन झालं, आणि हे गाव त्या जागेपासून दूर असल्यानं त्या गप्पांचा या घराच्या किमतीशी काही संबंध उरला नाही. वाढवलेला आकडा मात्र जाहिरातीत तसाच राहिला.

दादांना मी दोष देत नाही. बापानं बांधलेल्या घराची किंमत ठरवताना हात आखडतो, आणि जवळच कुठे मोठ्या प्रकल्पाची चर्चा असेल तर आशा सोडवत नाही. पण ही आशा घरात कुणी मोठ्यानं बोलून दाखवली नव्हती. ताई आणि धाकटा समजत होते, की दादा बघतोय ना. दादा समजत होते, की मी घाई करत नाही हे सगळ्यांना मान्य आहे.

जुलै २०२३ च्या पावसात मागची पडवी बसली. दुरुस्तीला १ लाख ६० हजार गेले. त्याच सुमारास एका एजंटानं धाकट्याला सांगितलं, "साहेब, गावात विचारतात, तेच घर अजून? मग म्हणतात वादातलं असेल." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. गावात घर एक हंगाम विक्रीला असलं की लोक किंमत विचारतात. तीन हंगाम राहिलं की भाऊबंदकी विचारतात, आणि त्यातून घराला बाधा आहे इथपर्यंत बोलणं जातं. फोटोही तेच होते, २०२१ चे. ओटीवर मागल्या गणपतीची पताका लटकते आहे, असा तो फोटो तीन हंगाम तसाच फिरत राहिला.

समोरचे पर्याय

२६ मे २०२४, रविवार. ताईंच्या घरी आम्ही चौघं बसलो. दुपारी सुरू झालेलं बोलणं दिवेलागणीपर्यंत चाललं.

दादांचा पहिला कल होता तसंच ठेवण्याकडे. मुंबई-गोवा महामार्गाचं काम एक ना एक दिवस पुरं होईल, भाव वाढेल. धाकट्याचं मत दुसऱ्या टोकाचं, ३५ लाखांत सगळं द्या आणि मोकळे व्हा. ताईंना घर दुरुस्त करून निवास-न्याहारीसाठी चालवायचं होतं. त्यासाठी गावात राहून बघणारं माणूस लागतं, आणि ते नव्हतं. एक चुलत भाऊ राखण करत होता, पण त्याला पाहुण्यांचा व्याप नको होता. पूर्ण माघार घेऊन घर चुलत भावाला दहा वर्षांच्या भाड्यानं द्यायचं, हाही एक पर्याय पुढे आला. तो कुणालाच आवडला नाही, पण तो खरा होता, म्हणून मी तो यादीत ठेवा म्हटलं.

मग आम्ही वहीकडे वळलो. माझी समजूत अशी, की फोनच येत नाहीत तेव्हा किंमत किंवा जागेचं वर्णन चुकलेलं असतं. फोन येतात पण कुणी बघायला येत नाही, तेव्हा फोनवर काहीतरी ऐकून लोक मागे सरतात. बघून जातात पण परत येत नाहीत, तेव्हा घराची अवस्था आड येते. दुसऱ्यांदा येतात आणि तरी बोली करत नाहीत, तेव्हा कागद आड येतात. ताईंच्या वहीत फोन करणाऱ्यांतले बरेच जण फोनवरच थांबल्याचं दिसत होतं, आणि शेजारी ताईंनी कारण लिहिलं होतं: "शेतकरी दाखला नाही."

तिथे गाठ सापडली. महाराष्ट्र कुळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घर आणि बाग एकत्र विकायला काढल्यामुळे मुंबई-ठाण्यातलं नोकरदार गिऱ्हाईक, म्हणजे या घराचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दारातूनच परत जात होतं. घर गावठाणात होतं. ते कुणालाही घेता आलं असतं. बागेच्या चौदा नावांमुळे उरलेले शेतकरी खरेदीदारही बिचकत होते. अडीच वर्षं सगळे किमतीवरच अडून होते, आणि अडचण दोन मिळकती एका दोरीत बांधण्यात होती.

घर आणि बाग वेगळी करायची, यावर दादा सगळ्यात आधी हो म्हणाले. ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी ताईंना सांगितलं, "बाग मी ठेवतो. माझ्या हिश्श्यातून वळती करा. गावात नाव राहू दे." अडीच वर्षं ते आकड्याला का चिकटून होते, ते त्या वेळी मला कळलं. त्यांना गावातून पाय काढायचा नव्हता, आणि ते म्हणायला शब्द सापडत नव्हते.

आता उरला मुदतीचा प्रश्न. मी म्हटलं, एक हंगाम. ताईंनी विचारलं, एकच का? कारण तीन हंगामांचा आलेख आमच्यासमोर होता. नव्या किमतीला, नव्या फोटोंना, नव्या कागदांना एक पूर्ण हंगाम मिळायला हवा, पण त्यात गिऱ्हाईक आलं नाही तर चौथ्या पावसात पुन्हा एखादी भिंत जाईल आणि घर आणखी जुनं होईल. ३१ मे २०२५ ही शेवटची तारीख ठरली. त्या दिवशी विसार, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन सौदा पक्का झालेला नसेल, तर जाहिरात काढायची आणि घर चुलत भावाला भाड्यानं द्यायचं. हे ताईंनी कागदावर लिहिलं आणि तिघांनी खाली सही केली. कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदाला काही किंमत नव्हती. तरी मी तो प्रत्येक घरात करायला सांगतो.

किमतीच्या पायऱ्याही त्यातच लिहिल्या. दिवाळीला ४० लाख. संक्रांतीपर्यंत दुसऱ्यांदा येऊन बघणारं कुणी नसेल तर ३७. होळीनंतर ३४. त्याखाली जायचं नाही.

काय केलं

जून ते ऑक्टोबर जाहिरात पूर्ण बंद ठेवली. दादांना हे पटायला वेळ लागला. दुकान बंद केल्यावर गिऱ्हाईक येणार कसं, असं त्यांना वाटत होतं. पण पावसात तसंही कुणी येत नाही, आणि दिवाळीला हेच घर नव्यानं बाजारात यावं यासाठी मधे खंड पडणं गरजेचं होतं.

पावसाळ्यात कागद केले. गावाचं गावठाण स्वामित्व योजनेखाली, म्हणजे गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणाऱ्या सरकारी योजनेखाली, ड्रोननं मोजून झालं होतं. चौकशीच्या वेळी घरातलं कुणी हजर नव्हतं, कारण सगळे मुंबईत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, फक्त दादांचं आणि धाकट्याचं नाव होतं. १९९६ मध्ये वारस नोंद करताना ताईंचं नाव कुणी घातलंच नव्हतं. "त्या वेळी मुलींची नावं कोण घालायचं?" असं दादा म्हणाले, आणि लगेच गप्प झाले. वडिलांच्या मिळकतीत मुलगी पहिल्या वर्गाची वारस, हे हिंदू उत्तराधिकार कायद्यात १९५६ पासून आहे. ताईंनी कधी विचारलं नाही म्हणून तो हक्क नाहीसा झालेला नव्हता. कोल्हापूरच्या खरेदीदारांच्या वकिलानंही २०२२ मध्ये हेच विचारलं होतं, की बहिणीची सही आहे का? तेव्हा तो प्रश्न टाळला गेला. या वेळी ताईंचं नाव रीतसर लागलं आणि मिळकत पत्रिका, म्हणजे त्या योजनेतला मालकीचा कागद, तिघांच्या नावे मिळाली. या कामासाठी धाकटा दादरहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून पाच वेळा गेला. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, कारण सोबत आईचा मृत्यू दाखला नेला होता आणि वडिलांचा राहिला होता.

बागेतला बाकी दोघांचा हिस्सा दादांच्या नावे करायचा दस्त वेगळा नोंदवायचं ठरलं, मोबदला कागदावर स्पष्ट दाखवून. तिघांच्या हिश्श्याची किंमत ११ लाख धरली. गावातल्या दोन अलीकडच्या व्यवहारांवरून हा आकडा काढला होता.

घरावर खर्च कमी केला, पण नेमका केला. पडवी साफ, कौलांची शाकारणी, विहिरीचा गाळ उपसला, आतून चुना. वाळवी लागलेलं एक दार बदललं. ओटीवरचा झोपाळा पुन्हा टांगला. फोटो सकाळी आठ वाजता काढले, अंगणात ऊन असताना. एजंट तीनऐवजी एकच ठेवला आणि त्याच्याशी मुदतही ठरवून घेतली. जाहिरातीत "गावठाणातलं घर, मिळकत पत्रिका तयार, शेतकरी दाखल्याची गरज नाही" हे पहिल्या ओळीत घातलं. माझ्या मते या एका ओळीनं जेवढं काम केलं तेवढं झोपाळ्यानं केलं नाही.

निष्पत्ती

दिवाळी २०२४ पासून जानेवारीअखेर एकोणीस फोन आले. सहा जण बघून गेले, दोघं दुसऱ्यांदा आले. ठाण्याच्या एका जोडप्यानं, दोघंही नोकरीतले, ३२ लाख सांगितले. तेव्हा आमची पायरी ३७ वर आली होती.

इथे शेवटचा कठीण प्रसंग आला. धाकट्याला लगेच हो म्हणायचं होतं. दादा म्हणाले, अजून चार महिने आहेत, मे यायचा आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. ताईंनी सहीचा कागद काढला आणि विचारलं, "दादा, होळीनंतर आपण किती म्हणणार होतो?" चौतीस. मग आत्ताच चौतीस मागायला काय हरकत आहे? मागितले. दोन दिवसांनी ते हो म्हणाले. त्यांना कर्ज हवं होतं, आणि मिळकत पत्रिका असल्यामुळे बँकेनं ते दिलं. दादांना प्रवास झेपणार नव्हता, त्यांनी मुंबईतच नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून दिलं. मार्च २०२५ मध्ये राजापूरला खरेदीखत झालं. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार, त्यामुळे ती तेवढीच लागली.

घराचे ३४ आणि बागेचे ११, एकूण ४५ लाख. प्रत्येकी १५. दादांना बाग आणि चार लाख रोख, बाकी दोघांना पंधरा-पंधरा. भांडवली नफ्याचा हिशेब सीएनं केला. वारशानं आलेल्या घराला १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत धरता येते, आणि २३ जुलै २०२४ पूर्वीची मिळकत असल्यामुळे साडेबारा टक्के की महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यातलं कमी ते निवडता आलं.

आता तो ४८ लाखांचा नकार. राखणदार, शाकारणी, वीज-घरपट्टी आणि प्रवास मिळून वर्षाला सुमारे ९० हजार, तीन वर्षांचे २ लाख ७० हजार. पडवीचे १ लाख ६० हजार. म्हणजे ४५ लाखांतून हा खर्च वजा जाता हातात पडले ४० लाख ७० हजार. ४८ लाख ठेवीत टाकून पाच टक्के सरळ व्याज धरलं तर तीन वर्षांत ७ लाख २० हजार झाले असते. फरक साडेचौदा लाखांचा. पण हा आकडा घरात सांगताना मी एक गोष्ट जोडून सांगितली. २०२२ मध्ये ताईंचं नाव कागदावर नव्हतं, बागेवर चौदा नावं होती, आणि खरेदीदाराला तीन महिन्यांत व्यवहार हवा होता. आम्हाला नुसत्या घराचे कागद करायला पाच महिने लागले. ते ४८ लाख घरात आलेच असते, असं मी म्हणणार नाही. नकार दिला नसता, तर कागदांची अडचण २०२२ मध्येच उघडी पडली असती आणि दोन पावसाळे वाचले असते, एवढं मात्र नक्की म्हणतो.

वेगळं काय करता आलं असतं

कागद आधी, जाहिरात नंतर. घर दिवाळीला बाजारात आणायचं असेल तर कागदांचं काम त्याआधीच्या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवं होतं. २०२१ मध्ये कौलं बदलायला गेलेल्या धाकट्यानं त्याच खेपेत नमुना ८ चा उतारा काढला असता, तर ताईंचं नाव नसल्याचं तेव्हाच दिसलं असतं.

पहिल्या दिवशी तारीख ठरायला हवी होती. एका हंगामाची की दोन, यावर घरोघरी मत वेगळं असेल. माझ्या अनुभवात गावठाणातल्या, स्वच्छ कागदाच्या घराला एक हंगाम आणि बागेसकटच्या मिळकतीला दोन, असा अंदाज बरा बसतो. त्यापुढे ठेवायचं असेल तर काहीतरी बदलून ठेवावं, किंमत, मिळकतीची मांडणी किंवा निदान फोटो.

किंमत वाढवण्याचा निर्णय एकट्या दादांनी घेतला, तो तिघांनी मिळून घ्यायला हवा होता. आणि त्याआधी कुणीतरी त्यांना शांतपणे विचारायला हवं होतं, की तुला पैसे हवेत की गावात पाय ठेवायला जागा? या प्रश्नाचं उत्तर २०२१ मध्ये मिळालं असतं, तर घर आणि बाग तेव्हाच वेगळी झाली असती.

माझीही एक चूक नोंदवतो. होळीनंतरची ३४ ची पायरी मी अंदाजानं सुचवली. गावठाणातल्या घरांचे तालुक्यातले तीन-चार ताजे व्यवहार बघून ती ठरवायला हवी होती. बागेसाठी आम्ही ते केलं, घरासाठी केलं नाही. ठाण्याच्या जोडप्यानं ३४ ला दोन दिवसांत हो म्हटलं, यावरून ते ३५ लाही तयार झाले असते असं मला वाटतं. तो एक लाख माझ्या सल्ल्यात राहिला.

घराची किल्ली देताना नव्या मालकांनी झोपाळा राहू द्या म्हणून विनंती केली. देव आधीच ताईंकडे पार्ल्याला आले होते. दादा त्यानंतरच्या मे महिन्यात बागेत जाऊन आले, चुलत भावाकडे मुक्कामाला, आणि परतताना तिघांच्या घरी दोन-दोन पेट्या हापूस पाठवले.